मेला म्हणता, तर मासा दाखवा: रीफ टँकच्या शिफ्टिंगमधली फसवणूक

रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, एका घरातून दुसऱ्या घरी हलवायचा म्हटलं की काहीतरी मरणारच, हे या छंदातला प्रत्येक जण धरून चालतो. आम्हाला फसवणाऱ्याचा अख्खा धंदा या एका समजुतीवर चालतो. घरसामान नेणारा टेम्पोवाला "तुमचं कपाट वाटेत गेलं हो" म्हणाला तर आपण त्याची कॉलर धरू. मासे नेणारा तेच म्हणतो तेव्हा आपण वर त्याचंच सांत्वन करतो.

आमचा टँक चार फुटी, सम्प (फिल्टरची जोडटाकी) धरून तीनशे लिटरच्या आसपास. क्लाउन माशांची जोडी, एक यलो टँग हा पिवळा मासा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), आणि झोआ, मश्रूम, लेदर अशी मऊ कोरल. ठाण्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा पॅकर्सवाल्यांनी टँककडे बघूनच हात जोडले. मग मरिनवाल्यांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांच्या, ओळखीतून एक दुकानदार सापडला. बोलायला गोड, पाण्याच्या रसायनाचं ज्ञान बरं. टँक, सम्प, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) सगळं सोडवून पुण्यात जोडून द्यायचे ₹२८,०००, निम्मे आगाऊ. "आणि सर, लाइव्हस्टॉक आठवडाभर माझ्या दुकानातल्या सिस्टीमवर राहू दे. तुमचा टँक सायकल झाला की मी स्वतः आणून सोडतो."

या शेवटच्या वाक्याशी थांबायला हवं, कारण सापळा तिथेच आहे आणि तो अर्ध्या सत्याचा आहे. नवा, कोरडा टँक सायकल व्हायला, म्हणजे त्यातलं पाणी मासे सोडण्याजोगं व्हायला, आठवडे लागतात हे खरंच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला वेळ लागतो. पण हे जिवाणू राहतात कुठे? बहुतेक टँकमधल्या दगडांवर. तेच दगड पाण्यात बुडवून ड्रममधून नेले, वर बॅटरीवरचा एअर पंप सोडला, तर जिवाणू तुमच्याबरोबरच प्रवास करतात. सायकल पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. धोका असतो तो जुन्या वाळूचा. ती ढवळली गेली की तळाशी साचलेली घाण वर येते आणि अमोनिया उसळतो, म्हणून वाळू टाकून द्यावी किंवा खळखळून धुवावी. आणि ठाणे ते पुणे अंतर तरी किती? दीडेकशे किलोमीटर, घाटात अडकलात तरी चार-पाच तास. आपल्याकडच्या दुकानांतले मरिन मासे श्रीलंकेहून, इंडोनेशियाहून विमानानं येतात ते ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यांत, याहून कितीतरी जास्त तास काढून. एवढ्याशा प्रवासासाठी कुणी "आठवडाभर माझ्याकडे ठेवा" म्हणत असेल, तर त्याला तुमचे मासे पुण्याला न्यायचेच नाहीत असं समजायला हरकत नाही.

टँक जोडून झाला. काम नीट केलं होतं, हेही सांगतो. मग फोन यायला लागले. आधी टँग. "रात्री लाइट गेले, इन्व्हर्टर बसला, सॉरी सर." दोन दिवसांनी क्लाउनची जोडी. कोरलमधला मोठा लेदर "सडायला लागला म्हणून काढून टाकला, नाहीतर बाकीचे गेले असते." मासे कुठे आहेत विचारलं तर वास मारत होते म्हणून टाकून दिले. फारच मागे लागलो तेव्हा बादलीत पडलेल्या टँगचा एक फोटो आला. सोबत दिलगिरी म्हणून ऑफर, तशीच नवी जोडी आणि छोटा टँग "खरेदीच्या भावात".

यलो टँगच का, याला कारण आहे. हा मासा मुख्यतः हवाईचा. तिथल्या कोर्टाच्या निकालांमुळे २०२१ मध्ये मत्स्यालयांसाठी त्याची पकड थांबली आणि जगभर भाव चढले. टाकीत पैदास केलेले टँग मिळतात, पण तेही स्वस्त नाहीत. आपल्याकडे तर आधीच रुळलेला, सुकं खाणं खाणारा टँग म्हणजे हातोहात खपणारा माल. तो मरायच्या आधी विकलेला बरा, असा दुकानदाराचा हिशेब.

उलगडा केला आमच्या लेकीनं. आमच्या नर क्लाउनचा मधला पांढरा पट्टा डाव्या अंगाला अर्ध्यावरच तुटलेला आहे, म्हणून तिनं त्याचं नाव कट्या ठेवलं होतं. क्लाउनचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि असे तुटके पट्टे तर लगेच ओळखू येतात. दुकानदाराच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर "हॅपी कस्टमर, नवी मुंबई" असा व्हिडिओ होता आणि त्यात कट्या आपल्या बायकोसह मजेत पोहत होता. मी जुने फोटो शेजारी लावून ओळखीच्या मरिनवाल्यांना पाठवले, तेव्हा दुसऱ्या एकानं कळवलं की मेलेल्या टँगचा हाच बादलीतला फोटो त्यालाही आला होता, महिनाभर आधी.

हे सगळं समोर ठेवल्यावर दुकानदारानं आवाज बदलला. "करा ना तक्रार. आधी वनखात्याला तुमचा टँक दाखवू, मग बोलू."

ही धमकी अनेकांवर चालते, म्हणून जरा सविस्तर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आहेत, शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्री घोडेसुद्धा. समुद्रातून आणलेला "लाइव्ह रॉक" हा बहुधा कठीण प्रवाळाचाच सांगाडा असतो. म्हणजे ज्यांच्याकडे कागदाशिवाय कठीण कोरल आहेत त्यांची मान विकणाऱ्याच्या हातात. कुणाला विकलं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझं स्पष्ट मत आहे की पावती न देता कठीण कोरल विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड आधीच बंद करून ठेवतो, आणि तेही गिऱ्हाइकाच्याच पैशानं. आमच्याकडे मऊ कोरल होती, दगड कृत्रिम, साच्यात ओतलेले, आणि सगळ्याच्या पावत्या होत्या, म्हणून ती धमकी आमच्यापुढे पोकळ ठरली. फोटो पाठवणारा तो दुसरा गृहस्थ मात्र अजून तक्रारीला तयार नाही. का, ते मी विचारलं नाही.

आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघातही होतो, त्यामुळे पोलिसांकडेही अर्ज दिला. तिथल्या हवालदारसाहेबांना "मासा चोरीला गेला" हे पटवताना जे झालं ते वेगळं लिहावं लागेल. या सगळ्यात उपयोगी पडल्या त्या हलवण्याआधी काढलेल्या दोन्ही अंगांच्या फोटोंच्या तारखा, आणि "आठवडाभर ठेवतो, मग आणून सोडतो" हे त्याचं चॅटवरचं वाक्य. तोंडी ठरलं असतं तर काही हाती नव्हतं.

दुसरी लबाडी कळली ती यानंतर. नव्या पाण्यासाठी त्यानंच नामांकित कंपनीच्या रीफ सॉल्टची (समुद्रासारखं पाणी बनवायच्या मिठाची) बादली दिली होती. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा बरोबर १.०२५. तरी उरलेली मश्रूम मिटलेलीच आणि काचेवरचं कोरलाइन (जांभळट, चुनखडी शेवाळ) पांढरं पडायला लागलं. ताज्या आरओ पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घोळून कॅल्शियमची टेस्ट लावली, तर पहिल्याच थेंबांना गुलाबीचा निळा रंग झाला. तिथे ४०० ते ४४० पीपीएम यायला हवं होतं, निघालं जवळपास काहीच नाही. मॅग्नेशियम १३०० च्या जवळ हवं, तेही तसंच. बादली खरी होती, आत साधं मीठ. रिफ्रॅक्टोमीटर फक्त पाण्यात क्षार किती विरघळले ते सांगतो, कुठले विरघळले ते नाही. साध्या मिठाच्या पाण्यालाही तो जवळपास तोच आकडा दाखवतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर मीठ पारखता येत नाही. सुटं किंवा सील उघडलेलं मीठ घेतलं असेल तर टँकमध्ये घालायच्या आधी लिटरभर पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी तपासा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नोटिशीनंतर तो निम्म्या पैशांवर मिटवायला तयार झाला, अट एकच, तक्रार मागे घ्यायची. आम्ही नाही म्हटलं. प्रकरण आयोगापुढे आहे. मिठाची बादली पंचांसमोर पुन्हा सील करून माळ्यावर ठेवली आहे, त्यातलं चमचाभरही टँकमध्ये जात नाही.