५५ इंची फोरके टीव्ही: साधा एलईडी, मिनी एलईडी की ओएलईडी?

दुकानात जाण्याआधी घरी एक काम करा. टेप घ्या आणि टीव्ही जिथे लागणार त्या भिंतीपासून सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा. माझ्या आईबाबांच्या हॉलमध्ये ते साडेआठ फूट भरलं. हा आकडा हाताशी असला की काउंटरवरची निम्मी चर्चा तिथेच मिटते.

का ते सांगते. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळजवळ २१ लाख. ठिपके चौपट, यात खोटं काही नाही. पण चांगल्या नजरेच्या माणसालाही एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील सहसा वेगळा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि साडेपाच फुटांच्या पलीकडून तो शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो. ५५ इंचीसाठी हे अंतर सात फुटांच्या जरा पुढे, ६५ इंचीसाठी साधारण साडेआठ. म्हणजे आईच्या सोफ्यावरून ४३ इंची फोरके आणि ४३ इंची फुल एचडी यांतले ठिपके मोजायला गेलं तर फरक हाती लागत नाही. मोठा पडदा मात्र लगेच जाणवतो. बजेट अडत असेल तर इतर चार गोष्टी सोडा, पण हॉलला शोभेल तो आकार सोडू नका.

आणखी एक गोष्ट आकाराच्या बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लहान टीव्हींना तो आधीपासून १८च होता, त्यामुळे करासाठी लहान टीव्हीवर थांबायचं कारण आता उरलेलं नाही. फोरकेच्याही चौपट ठिपक्यांच्या आठ केचा विचार मात्र सोडून द्या. त्या दर्जाचं बघायला जवळपास काही नाही, आणि असतं तरी इतक्या अंतरावरून ते डोळ्यांना कळलं नसतं.

खरा फरक उजेडाचा

५० इंचांच्या वर आज जवळपास सगळे टीव्ही फोरकेच असतात. मग एकाच आकाराच्या दोन टीव्हींच्या किमतीत दुप्पट-तिप्पट अंतर का? ठिपके तितकेच आहेत, त्यांच्यामागचा उजेड वेगळा आहे.

साध्या एलईडीत पडद्यामागे दिवे असतात आणि काळा भाग दाखवायचा असला तरी ते जळतच राहतात. समोरचा एलसीडीचा थर तो उजेड अडवायला बघतो, पण पूर्ण अडत नाही. म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळ्याऐवजी राखाडी दिसतं. यातही दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा काळा रंग बराच गडद असतो, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं नेमकं उलटं: बाजूने चांगलं दिसतं, काळा रंग कमजोर. घरात कोणी दिवाणावर, कोणी खाली सतरंजीवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असेल, तर हा मुद्दा रोज जाणवेल. पॅनेलचं नाव विक्रेत्याला माहीत नसेल तर स्वतः टीव्हीच्या कडेला जाऊन उभे राहा, लगेच समजतं.

क्यूएलईडी हे नाव ऐकून पुष्कळ जण फसतात. तोही एलसीडीच आहे, फक्त क्वांटम डॉटच्या, म्हणजे शुद्ध रंगाचा उजेड देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, थरामुळे रंग अधिक भरदार दिसतात. काळा रंग त्याने सुधारत नाही.

मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक असतात, शेकडो-हजारोंच्या संख्येने, आणि त्यांचे गट गरजेप्रमाणे मंद किंवा तेज करता येतात. प्रखरता चांगली मिळते, उजेडाच्या हॉलमध्ये तो उठून दिसतो. उणीव एकच: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती हलकी प्रभा पसरते. गट जितके जास्त तितकी ती कमी.

ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. दिवे मालवून अंधारातला प्रसंग लावला की पडदा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे समजत नाही. असं चित्र दुसऱ्या कशातही मिळत नाही आणि चित्रपट मनापासून बघणाऱ्याने ते एकदा तरी बघावं. कडेला बसलेल्यालाही जवळपास तेच दिसतं. पण पूर्ण पडदा पांढरा झाला की त्याची प्रखरता उतरते. आईबाबांचा हॉल पश्चिमेकडे उघडतो. तसाच उजेड असलेल्या एका घरी मी दुपारी चारला ओएलईडी बघितला, तर गडद प्रसंगात बाल्कनीची जाळी आणि वाळत घातलेला टॉवेल नटाच्या चेहऱ्यावर दिसत होते. शिवाय ज्या घरात बातम्यांची वाहिनी सकाळपासून झोपेपर्यंत चालू असते, तिथे कोपऱ्यातलं बोधचिन्ह आणि खालची पट्टी कायमची उमटण्याचा धोका असतो. ते टाळायची सोय कंपन्यांनी टीव्हीतच दिली आहे, तरी अशा घरासाठी मी ओएलईडी सुचवणार नाही.

खोक्यावरच्या एचडीआरकडेही, म्हणजे उजळ आणि गडद भाग जास्त तपशिलाने दाखवण्याच्या सोयीकडेही, नीट बघा. एचडीआर१० असो की डॉल्बी व्हिजन, असा मजकूर बहुधा १००० निट (निट हे प्रखरतेचं माप) किंवा त्याहून जास्त प्रखरता धरून तयार केलेला असतो. स्वस्त एलईडी ३०० निटच्या आसपास थांबतात. ते एचडीआर स्वीकारतात, पण दाखवू शकत नाहीत. दुकानात फुलं आणि मासे फिरत असतात ते बघून ठरवू नका. पेनड्राइव्हवर एखादा अंधारा प्रसंग घेऊन जा आणि तो लावायला सांगा.

आत काय येतंय?

नवा टीव्ही लागल्यावर आठ दिवसांनी आईचा फोन आला: "जुन्यावर यापेक्षा बरं दिसायचं गं." जाऊन बघितलं तर बसवणाऱ्याने सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडला होता, बॉक्सला एचडीएमआयचं भोक असूनही. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. वायर बदलली, पॅकमध्ये नेहमीच्या वाहिन्यांची एचडी आवृत्ती घेतली, आणि मालिकेतल्या साडीचे काठ दिसू लागले. एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या, वाहिनीवर ७२० गुणिले ५७६ ठिपके येतात. ते ८३ लाखांवर ताणायचे म्हटल्यावर चित्र धुरकटच होणार, आणि मोठ्या पडद्यावर ते जास्तच खुपतं.

खरं फोरके येतं ते मुख्यतः इंटरनेटवरून. यूट्यूबवर ते फुकट आहे. नेटफ्लिक्सवर त्यासाठी सगळ्यात महागडी योजना घ्यावी लागते आणि १५ एमबीपीएसचा वेग लागतो. तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणून फायबर नसलेल्या, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात ते परवडत नाही.

मग कोणी काय घ्यावं

दिवसभर केबल, संध्याकाळी मालिका, अधूनमधून यूट्यूब, असं घर असेल तर व्हीए पॅनेलचा साधा ५५ इंची पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत साउंडबार घ्या. पातळ टीव्हीचा आवाज पातळच असतो आणि वयस्कर कानांना संवाद ऐकू येत नाहीत. खिडक्या मोठ्या, क्रिकेट भरपूर, ओटीटीही रोज, तर मिनी एलईडी. आम्ही तोच घेतला. रात्री अंधार करून चित्रपट बघणाऱ्यांनी ओएलईडीसाठी पैसे साठवावेत, त्यांना पश्चात्ताप होणार नाही. गेमिंग कन्सोल असेल तर १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं, पॅनेल आणि त्या वेगाचं फोरके चित्र आत घेणारं एचडीएमआय २.१ आहे ना ते तपासा, बाकीच्यांनी त्यावर खर्च करू नये.

घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन भडक रंगांच्या व्हिव्हिडऐवजी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, मग चेहऱ्यांचे रंग खरे वाटू लागतात. मोशन गुळगुळीत करणारी सोयही बंद करा, तिच्यामुळे सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट मालिकेसारखा दिसतो. आमच्याकडे बाबा ती फक्त मॅचच्या दिवशी चालू करतात.