ओल्या जागेसाठी स्वॅम्प महोगनी की स्वॅम्प ओक?

ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या किनारपट्टीवर एकरभर जागा घेतली की एखादा पाणथळ कोपरा बहुधा पदरात पडतोच. आमचा पोर्ट स्टीफन्सच्या खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. वर वाळू, दोन फूट खणलं की चहाच्या रंगाचं पाणी. २०१४ साली मी तिथे दोन्ही झाडांची पाच-पाच बोटभर रोपं लावली. त्यामुळे आता कुणी विचारलं की मत द्यायला मी मोकळा.

नावांवर जाऊ नका. महोगनी म्हणजे इथे युकॅलिप्टस रोबस्टा, आपल्या भाषेत एक निलगिरी. स्वॅम्प ओक म्हणजे कॅज्युरिना ग्लॉका, आपल्या सुरूची सख्खी बहीण. खऱ्या महोगनीशी किंवा ओकशी दोघांचंही नातं नाही. लाकडाचा रंग आणि रेषा बघून गोऱ्या वसाहतवाल्यांनी ओळखीची नावं चिकटवली, एवढंच.

खरं सांगायचं तर माझा जीव आधी स्वॅम्प ओकवरच जडला होता. काशिदच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसून ज्याने भेळ खाल्ली आहे, त्याला वाऱ्यावरचा तो सूंऽऽ आवाज परदेशात ऐकू आला की बाकीचं सुचत नाही. झाड गुणाचंही आहे. मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र त्याला मिळतो, त्यामुळे नुसत्या वाळूतही ते वाढतं. खारं पाणी सोसण्यात तर महोगनी त्याच्या जवळपासही येत नाही. निसर्गातही असंच दिसतं: खारफुटीच्या मागे लगेच स्वॅम्प ओक, आणि महोगनी त्याच्याही मागे, जिथे पाणी बरंचसं गोडं होतं तिथे. तेव्हा भरतीचं पाणी तुमच्या कुंपणाला लागत असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, ओक लावा.

साचलेल्या पाण्याचं म्हणाल तर मला फरक जाणवला नाही. एका पावसाळी महिन्यात दहाही झाडं पंधरा दिवस घोटाभर पाण्यात उभी होती आणि दहाही जगली.

मग अडलं कुठे? ओकच्या फुटव्यांवर. केळीला मुनवे येतात तसे, पण केळीचे निदान बुंध्याशी असतात. हे मुळावर कुठेही येतात. चौथ्या वर्षी गवत कापताना यंत्राच्या पात्याखाली कट्‌कट्‌ वाजायला लागलं. वाकून बघितलं तर पेन्सिलीएवढे हिरवे दांडे, एका ओळीत. कापले. पुढच्या महिन्यात एकाच्या जागी तीन. चिडून कुदळ घेतली आणि मुळाचा माग काढत गेलो, तर ते झाडापासून सात-आठ मीटर लांब, सांडपाण्याच्या चराकडे निघालेलं. नंतर कळलं की मुळाला कुदळ लागली की फुटवे आणखी जोमाने येतात; म्हणजे राग काढून मीच त्यांची लागवड केली होती. कापलेले दांडे तिरके आणि टोकदार राहतात, चप्पल घालूनही पाऊल जपून टाकावं लागतं. शेवटी पाचातली तीन झाडं काढली. फुटवे अजून येतात.

कुणाच्या जमिनीत ते इतके येत नसतीलही. मोठी जागा असेल, गवत राखायचं नसेल, ओढ्याचा काठ धरून ठेवायचा असेल, तर हाच दोष गुण ठरतो.

महोगनीची तक्रार करायची तर करता येते. पानं जाड, चामड्यासारखी, लवकर कुजत नाहीत. लाकडी बोंडं पायाखाली गोट्यांसारखी घरंगळतात. वादळात फांद्या मोडतात, आणि झाड २५-३० मीटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणून घरापासून लांबच लावा. वणव्याच्या दृष्टीनेही तेच बरं. पण इतर काही निलगिरींसारखी सालीची लक्तरं लोंबत नाहीत. तांबूस तपकिरी साल खोडाला धरून राहते, अंगठा दाबला तर बुचासारखी किंचित आत जाते.

आणि फुलोरा! तो ऐन थंडीत येतो, आषाढीच्या आगेमागे, जेव्हा बाकी झाडांवर मध फारसा नसतो. दिवसा लॉरिकीट पोपटांचा गोंगाट, रात्री वटवाघळांची भांडणं. शांतता हवी असेल तर विचार करा. परवाच्या वसंतात रात्री दोनला मागून घोरण्याचा आवाज आला, डुक्कर आणि मोटरसायकल यांच्या मधला काहीतरी. बॅटरी मारली तर खालून तिसऱ्या फांदीवर कोआला. इथल्या कोआलांच्या आवडीचं झाड आहे हे ऐकून होतो, पण आपण लावलेल्या झाडावर तो येऊन बसला म्हटल्यावर बायकोलाही उठवलं.

गावाहून सासरे दर फोनला बजावतात, निलगिरी जमिनीतलं पाणी पिऊन टाकते. अण्णा, म्हटलं, माझ्या कोपऱ्यातलं पिऊन टाकलं तर मी हार घालीन. अजून तरी दोन फुटांवर पाणी आहे.

खाडीच्या बाजूचे दोन ओक ठेवलेत, आवाजासाठी. काढलेल्या तिघांच्या जागी या मे महिन्यात महोगनीची चार रोपं लावली. त्यांच्याभोवतीचे ओकचे फुटवे दर पंधरवड्याला कापतो, कुदळ न लावता.