मारुती ८००, आतून सडलेला पत्रा आणि चाचांचे एकोणीस दिवस

आमची मारुती ८०० जून २००८ ची, पांढरी. घेतली बाबांनी, चालवते मी. घर ते दुकान, महिन्यातून एकदा गुहागर, एवढाच तिचा पसारा. गेल्या पावसात शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं, माझी पावलं भिजली." काचा बंद, दारं बंद. घरी येऊन मॅट काढली, कार्पेट उचललं, त्याखालचं फेल्ट पिळावं इतकं ओलं होतं. ते बाजूला केलं तर दोन बोटं आरपार गेली आणि खाली अंगणातली फरशी दिसली.

दुखणं जुनं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली तेव्हा गाडी दुकानासमोरच होती, सीटपर्यंत पाण्यात. नंतर इंजिन उघडून साफ केलं, सीटा उन्हात वाळवल्या, गाडी चालू झाली आणि आम्ही खूश. २०२३ ला पंधरा वर्षं भरली. पुन्हा पासिंग करायचं म्हणून एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) साडेसहा हजारांत टिंकरिंग-पेंटिंग करून घेतलं. गाडी लख्ख होऊन आली, पासही झाली. पुढच्याच पावसाळ्यात रनिंग बोर्डवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, पुळ्या उठल्या. नखाने दाबलं की पापुद्रा निघायचा आणि खाली चॉकलेटी भुसा.

यंदा दिवाळीनंतर खेर्डीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नेली. नावाची पाटी नाही. मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी आधी रंगाकडे बघितलंच नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि रनिंग बोर्डवरून पुढून मागे फिरवत नेलं. पुढच्या चाकाजवळ घट्ट चिकटलं, ड्रायव्हरच्या दाराखाली आलं आणि गळून पडलं. "हितं पत्रा नाय ताई, नुसती पुट्टी हाय." पुट्टी म्हणजे रंगाआधी खड्डे भरायचा लेप. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. चांगल्या जागी ठणठण, बाकी ठिकाणी पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. जॅक लावायच्या जागी त्यांनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तो आत गेला. म्हणजे रस्त्यात पंक्चर झालं असतं तर जॅक सरळ पत्र्यात घुसला असता.

अंदाज सांगितला एकवीस हजार. नवरा म्हणाला, एवढ्यात काय, भंगारातच दे. पण इंजिन ठणठणीत आहे आणि पासिंग २०२८ पर्यंत आहे. दिली.

चाचांची एक गोष्ट मला फार आवडली. कापल्यावर त्यांनी फोन केला: "प्रायमर मारायच्या आधी येऊन बघून जा. नंतर मी काय केलं ते तुम्हाला दिसणार नाय." दुकान बंद करून गेले. सीटा, कार्पेट बाहेर, बॅटरीची वायर काढलेली, डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड उघडलेला. उजव्याला त्यांनी माझ्यासमोर ग्राइंडर लावला आणि आतून माती सांडायला लागली. वाळलेली, राखाडी, बारीक, पुराची माती. चार वर्षं तिथेच बसून होती. खाली पसरलेल्या पेपरावर ढीग झाला तसे चाचा म्हणाले, "घ्या, तुमची वाशिष्ठी."

रनिंग बोर्ड आतून पोकळ असतो. शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. आधीच्या कारागिराने ती भोकं पुट्टीने बुजवून वरून काळा रंग मारला होता. आत माती, मातीत ओल, बाहेर जायला वाट नाही. वरून पुळी दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेलाच असतो. पुट्टी गंजाला थांबवत नाही, उलट स्वतःच ओल धरून ठेवते, हे मला साडेसहा हजार घालवून कळलं.

चाचांनी गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापला. पुठ्ठ्याचं माप काढून २० गेजचा नवा पत्रा वाकवला आणि सीओटू वेल्डिंगने बसवला. वेल्डिंग सलग नाही, इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मध्ये थांबून. विचारलं तर म्हणाले, पातळ पत्रा एका जागी तापला की पापडासारखा वाकतो. मग एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, पुट्टी अगदी पातळ. शेवटी बारीक नळीने पोकळीत मेणासारखं औषध फवारलं आणि खालची भोकं तारेने मोकळी करून दाखवली. दर पावसाळ्याआधी तार घालायची, हे काम आता माझ्याकडे.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले आणि प्रत्येक फोनला "उद्या संध्याकाळी". रंग जुळलेला नाही. जुना पांढरा पिवळट झालाय, नवा दुधासारखा, सावलीत पट्टा स्पष्ट दिसतो. मागच्या दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत. कार्पेटची एक क्लिप हरवली, तो कोपरा उचकटतो. बिल कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दिलं. कंपनीची पावती हवी असेल तर इथे जाऊ नका. दिसण्यासाठीच रंगवायची असेल तरीही नको. चाचांचा जीव पत्र्यात आहे, रंगात नाही.

पैसे मात्र एकोणीस हजार पाचशेच घेतले. डिकीचं झाकण मी करा म्हणत असताना त्यांनीच नको म्हटलं, गंज वरवरचा आहे, घासून प्रायमर मारलाय, मार्चमध्ये बघू. नोव्हेंबरातल्या अवकाळी सरींत गाडी दोन दिवस मुद्दाम उघड्यावर ठेवली आणि फेल्टखाली हात घालून बघितलं. कोरडं होतं.

जायचं तर सकाळी दहा ते बारा. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते, आणि ग्राइंडर चालू असताना चाचा फोन उचलत नाहीत.