सोलर गीझरवर ‘७८ हजार सबसिडी’: ग्वाल्हेरकरांनो, बयाणा देण्याआधी वाचा

दिवाळी सरली की लष्कर भागात सोलर गीझरवाले दारोदार फिरू लागतात. इथली थंडी कडाक्याची, त्यामुळे गिऱ्हाईक पटकन भुलतं. ओळखीच्या एका घरी असाच २०० लिटरचा गीझर केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेच्या नावावर खपवला. ७८ हजार खात्यात येतील म्हणून भाव फुगवला, वर ‘फाइल चार्ज’ रोख उकळला. सबसिडी आली नाही. ती येणारच नव्हती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना छतावर वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००. ३ किलोवॅट किंवा जास्त बसवलं तरी ७८,०००च. गीझर वीज बनवत नाही, पाणी तापवतो, म्हणून तो किलोवॅटमध्ये नाही, लिटरमध्ये मोजतात. कोटेशनवर लिटर लिहिलेत आणि खाली सूर्यघरची सबसिडी वजा केलीय, तर तो कागद तिथेच परत करा.

पॅनेल घेत असाल तर वीजबिलावरचा आयव्हीआरएस (ग्राहक) क्रमांक टाकून योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच नोंदणी करा. तिला पैसे लागत नाहीत. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच हवा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर, असावे लागतात. स्वस्तातले बिगर-डीसीआर बसवले की सबसिडी अडकते. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागून वीज कंपनीची तपासणी झाली की रक्कम थेट ग्राहकाच्या खात्यात येते. ओटीपी कुणालाही सांगू नका.

सबसिडीविनाही गीझर घेण्यासारखा आहे, फक्त माल पारखून घ्या. त्या घरी २०० लिटरच्या टाकीला पाणी तापवणाऱ्या काचेच्या १५च नळ्या होत्या. ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या साधारण २० लागतात. कमी नळ्यांवर डिसेंबरात पाणी कोमटच राहतं, मग विक्रेता धुक्याला दोष देतो. प्रत्येक नळीचं बंद टोक बघा: आतून आरशासारखं चकचकीत हवं. पांढरं पडलं असेल तर काचेच्या दोन थरांमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरलीय, ती नळी बदलूनच घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत क्षार साचतात. साफसफाई कोण करणार आणि किती वर्षं, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळणं अवघड. रोखीच्या व्यवहारात पावती, कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.