रणगाड्यावरचे रंगाचे टवके: हेअरस्प्रे की स्पंज?

रणगाड्याच्या लघुप्रतिकृतीवर झिजलेला रंग दाखवण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. हेअरस्प्रेच्या पद्धतीत गंजाच्या रंगाचा थर पूर्ण वाळल्यावर त्यावर हेअरस्प्रेचे एक-दोन हलके हात दिले जातात, वर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ मारला जातो, आणि तो सुकल्यावर पृष्ठभाग ओलसर करून ताठ केसांच्या ब्रशने घासला असता आत झिरपलेल्या पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो व वरच्या रंगाचे टवके उडू लागतात. येथे रंग खरोखरच निघत असल्याने टवक्याच्या कडेला किंचित जाडीही दिसते. दुसऱ्या महायुद्धात हिवाळ्यापुरता फासलेला पांढरा रंग सैनिकांच्या बुटांखाली आणि पावसात लवकर उडत असे. तो दाखवायला या पद्धतीला तोड नाही. मात्र वरचा थर जाड झाला किंवा तेथे पाण्यात न मिसळणारा इनॅमल रंग वापरला, तर कितीही घासले तरी काही हलत नाही.

स्पंजचे काम साधे आहे. फाडलेला तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवावा, बहुतेक रंग कागदावर टिपून काढावा आणि झाकणांच्या कडांवर हलकेच टेकवत जावे. १:३५ प्रमाणात १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात ३.५ सेंटिमीटरचा टवका होय. १:७२ मध्ये तोच ७.२ सेंटिमीटरचा ठरतो. म्हणूनच लहान प्रतिकृतीवर, जेथे हेअरस्प्रेचे टवके सहज हाताबाहेर जातात, मी बारीक छिद्रांचा स्पंजच निवडेन.