कूलंटची गळती: लीक-स्टॉप की नवा रेडिएटर?

जुळे सोलापुरातील एका शेजाऱ्यांच्या गाडीखाली हिरवट डाग पडू लागल्याने ते या दोन उपायांत अडकले आहेत. एसीचे पाणी रंगहीन असते, इंजिन ऑइल तपकिरी; तेव्हा ही गळती कूलंटचीच, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचीच असावी. लीक-स्टॉप, म्हणजे कूलंटमध्ये मिसळायचे गळती बुजवणारे द्रव्य, स्वस्त असून इंजिन थंड असताना ते रेडिएटरमध्ये ओतण्यास काही मिनिटे पुरतात, मात्र ते केवळ बारीक छिद्र बुजवते आणि त्याचा गाळ हीटरच्या अरुंद नळ्यांतही साचू शकतो. नवा रेडिएटर कित्येक पटींनी महाग पडतो, परंतु ४० अंशांपुढील सोलापुरी उन्हात भरवशाचा तोच. अर्थात, आधी प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळतीची जागा शोधणे) करून दोष होजपाइपचा किंवा क्लिपचा नाही ना, हे पाहावे. तसे निघाल्यास दोन्ही खर्च टळतात. वाटेत अडकलेल्याने गॅरेज गाठण्यापुरते लीक-स्टॉप वापरावे. महामार्गाने वरचेवर पुण्याला जाणाऱ्याने रेडिएटरच बदलावा.