दोहा की सिंगापूर : नोकरीआधी राज्यकर्ते पाहा

धरमपेठेतील एका तरुण अभियंत्याला दोहा आणि सिंगापूर अशा दोन्हीकडून नोकरीचे बोलावणे आले आहे. पगार आणि घरभाड्याचा हिशेब त्याने केलाच आहे. मी दोन्हीकडे राहिलो असल्यामुळे तेथे राज्य कोण व कसे करते, एवढेच सांगतो.

दोहा ही कतारची राजधानी, आणि कतारची सत्ता अल थानी घराण्याकडे आहे. १९९५ मध्ये अमीर, म्हणजे तेथील राज्यकर्ते, परदेशात असताना त्यांचे पुत्र हमद यांनी ती हाती घेतली आणि २०१३ मध्ये आपल्या मुलाकडे, तमीम यांच्याकडे सोपवली. शूरा परिषद, म्हणजे तेथील सल्लागार विधिमंडळ, हिच्या ४५ पैकी ३० जागांसाठी २०२१ मध्ये निवडणूक झाली खरी, पण २०२४ च्या सार्वमताने ती पद्धतही संपली. सिंगापुरात १९५९ पासून पीपल्स ॲक्शन पार्टीच सत्तेवर आहे, मात्र तिला दर काही वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागते.

दोहा की सिंगापूर, हा माझा निर्णय एका सहीने झाला. २०१६ च्या मार्चमध्ये वडिलांना नागपुरात अतिदक्षता विभागात हलवल्याचा फोन आला. तिकीट तासाभरात मिळाले, परंतु तेव्हा कफीलच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या प्रायोजकाच्या, संमतीवाचून एक्झिट परमिट, म्हणजे देशाबाहेर जाण्याचा परवाना, मिळत नसे आणि आमच्या कंपनीत सही करणारे मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, रजेवर होते. भरलेली बॅग दाराशी ठेवून मी दोन दिवस बसून राहिलो. वडील वाचले, पण ते दोन दिवस मी विसरू शकलेलो नाही.

२०१८ च्या कायद्याने बहुतेक कामगारांची ही अट गेली, त्यामुळे माझा अनुभव आज जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. शिवाय सिंगापूरची पकडही सैल नाही : सरकारने बांधलेल्या निवासी इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा १९८९ पासून सरकार ठरवते, एकट्याने फलक घेऊन रस्त्यावर उभे राहायलाही परवाना लागतो आणि नोकरी गेली की परदेशी माणसाला थोड्याच दिवसांत देश सोडावा लागतो. तरीही तेथे नियम आधी वाचता येतो आणि तो वरच्यांनाही लागू पडतो, असे मला दिसले. २०२४ मध्ये तेथील एका माजी मंत्र्यांना १२ महिन्यांची कैद झाली.

थोड्या वर्षांत पैसा साठवून परतायचे असेल, तर दोहा कदाचित सोयीचे ठरेल. घरी आई-वडील थकलेले असतील, तर मात्र मी सिंगापूर सुचवीन. पुढे आई आजारी पडली, तेव्हा दुपारी तेथूनच रजेचा अर्ज पाठवून मी रात्रीचे विमान पकडले होते.